उक्त्यावरचे उंदीर, रोजावरचे उंदीर

ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' येईल असा प्रश्न आमचे सर कधी विचारत नसत. दुसऱ्या कुणी त्यांना विचारला, तर भातात खडा लागल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीला टेकून उभे असले तरी कंडक्टरला 'ही सातारला जाते का' असं म्हणायचे नाहीत. "कुठं चाललीया गाडी?" असं विचारायचे. मी एकदा म्हटलं, "सर, पाटी आहे की समोर."

"पाटी कालची बी असंल," सर म्हणाले. "आन् जाती का म्हनून इचारलं की मानूस व्हय म्हनतंय, बाई. व्हय म्हनायला काय लागतंय?"

कलिंगडवाल्याला ते 'गोड आहे का' विचारत नसत. "ह्यातलं तुमी घरला कुठलं न्याल?" असं विचारून त्याच्याकडे शांतपणे बघत राहायचे. तो बिचारा हातातलं कलिंगड खाली ठेवून दुसरं शोधायला लागायचा. घरीही तोच प्रकार. काकू मला चहा देताना एकदा म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्सं झाली. 'जेवलीस का' म्हनून ह्या मानसानं एकदा इचारलं न्हाई. 'काय जेवलीस' इचारत्यात. ताप आला तरी 'कालच्यापरीस काय बदललं' म्हनत्यात. मी बी त्यांच्या पिंजऱ्यातलीच हाय म्हना की." सर शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

सर विश्रामबागेतल्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवत. गाव कोरेगावच्या पलीकडचं. तीस वर्षं सांगलीत काढूनही बोली तशीच ठेवली होती. वर्गात इंग्रजी वाक्य वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि "म्हंजे काय, तर" म्हणून गावाकडच्या भाषेत तेच सांगायचे. मुलं पहिले आठ दिवस हसायची. परीक्षेत मात्र त्यांना तो दुसरा भागच आठवायचा. मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला आले तेव्हा एका डिप्लोमा कॉलेजात आठ वर्षं तात्पुरती शिकवत होते. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, दर मे महिन्यात मी ऑफिसात खेपा घालायचे. कधीतरी कायम जागा निघेल आणि त्या वेळी पदवी हातात हवी, एवढ्या एकाच हिशेबानं मी सरांच्या दारात उभी राहिले होते. विज्ञानाची वगैरे ओढ मला नव्हती. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं. वढ लागलेली मान्सं लवकर दमत्यात."

सरांचा खरा धंदा होता उंदरांना प्रश्न विचारण्याचा. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना ते 'मंडळी' म्हणत. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रींकडून त्यांनी पेट्या बनवून घेतल्या होत्या. पेटीत दोन कळा आणि मध्ये दाणा पडायची वाटी. उंदराला निकोटीन टोचून पेटीत सोडलं तर डावी कळ दाबल्यावर दाणा पडायचा. नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं असेल तर उजवी दाबल्यावर. दोन-तीन महिने रोज हे केलं की उंदीर शिकायचा. आज अंगात काय चाललं आहे हे स्वतःचं स्वतः ओळखून तो बरोबर त्या कळेकडे जायचा. म्हणजे तंबाखू लागली की नाही, हे उंदीर सांगायला लागायचा. सर हे समजावताना स्वतः डाव्या तळहातावर तंबाखू मळत असत. "मला इचारलं तर मी खोटं सांगीन," म्हणायचे. "काकू म्होरं असली तर नक्कीच सांगीन. मंडळी तसं करत न्हाईत."

आता प्रश्न असा, की पुऱ्या चिमटीवर, म्हणजे निकोटीनच्या पूर्ण मात्रेवर, शिकवलेल्या उंदराला एक दिवस अर्धीच चिमूट दिली तर तो काय सांगेल? माझा सगळा प्रबंध या एका प्रश्नावर होता, आणि सरांचं म्हणणं होतं की उत्तर उंदरावर कमी, त्याच्या मजुरीवर जास्त अवलंबून आहे. एका गटाला आम्ही दहा वेळा कळ दाबली की एक दाणा द्यायचो. सर त्यांना 'उक्त्यावरचे' म्हणत. जेवढं काम तेवढी मजुरी. दुसरा गट 'रोजावरचा'. त्यांना कितीही दाबा, वेळ भरल्याशिवाय दाणा नाही. कधी अर्ध्या मिनिटानं, कधी दीड मिनिटानं वेळ भरायची, आणि ती भरल्यावर पहिल्यांदा दाबलं की दाणा.

"उक्त्यावरचा गडी इकडं चार पाट्या, तिकडं चार पाट्या टाकत न्हाई," सर म्हणायचे. "दहा एका जागी भरल्याबिगर त्येला काय मिळत न्हाई. मग त्यो एकच कळ धरतो. लागली म्हनतो न्हाईतर न्हाई लागली म्हनतो. रोजावरच्याला घाई नसती. त्यो ह्या कळंवर थोडं, त्या कळंवर थोडं दाबतो. त्येला 'थोडी लागली' म्हनायला जागा ऱ्हाती. उंदीर त्योच, तंबाखू तीच. तुमी इचारलं कसं, त्येवर सगळं हाय."

सरांची शाबासकीसुद्धा रोजावरचीच होती. महिना महिना काही बोलायचे नाहीत. मग एखाद्या दिवशी, तुम्ही काहीच विशेष केलेलं नसताना, खिशातून चार फुटाणे काढून तुमच्या वहीवर ठेवायचे आणि निघून जायचे. त्या चार फुटाण्यांसाठी मी किती रविवार त्या वासाच्या खोलीत काढले ते मला माहीत. मला राग यायचा, आणि तरी मी जायचे. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. "रोज दिलं असतं तर तुमी रोज वाट बघत बसला असता," ते म्हणाले.

आणि बेंदूर, म्हणजे आमच्या भागातला बैलपोळा. सर कितीही प्रोफेसर झाले असले तरी बेंदराला त्यांच्यातला कोरेगावकडचा शेतकरी जागा व्हायचा. बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, तसं मंडळींनाही त्या दिवशी पेटीत घालायचं नाही. ओळख पटावी म्हणून उंदरांच्या शेपट्यांवर आम्ही मार्करनं काळे पट्टे काढायचो. बेंदराला सर तेच पट्टे लाल रंगानं गिरवायचे. "शिंगं न्हाईत तर न्हाई, शेपटी हाय की." मग काकूंच्या पुरणपोळ्यांचा डबा उघडून प्रत्येकाला कुस्करून पोळी घालायचे. एरवी उंदरांना थोडं भुकेलं ठेवावं लागतं, नाहीतर दाण्यासाठी कळ कोण दाबणार? म्हणून बेंदरानंतर दोन दिवस पेट्या बंद ठेवायचा नियम होता. पोट भरलेला उंदीर काय सांगेल याचा भरवसा नाही. "वर्सभर आपन त्यांस्नी इचारतो," सर म्हणायचे. "एक दिवस तरी काय इचारायचं न्हाई."

घोळ झाला तो याच बेंदरानं. माझं गाव जत तालुक्यात, अगदी सीमेला लागून. आमच्याकडे कर्नाटकी बेंदूर करतात, ज्येष्ठात. सरांकडे महाराष्ट्री बेंदूर, आषाढात. मध्ये महिन्याचं अंतर. प्रयोगाचं वेळापत्रक मी आखलं तेव्हा आमच्या बेंदराच्या तारखेला 'बेंदूर' लिहून पुढचे दोन दिवस मोकळे सोडले आणि गावी निघून गेले. सरांनी वेळापत्रकावर सही केली होती ती 'बेंदूर' हा शब्द बघून. तारीख त्यांनी पाहिली नाही. बेंदूर म्हटल्यावर दुसरी कुठली तारीख असू शकते हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं, जसं ते माझ्याही डोक्यात नव्हतं; मंडळींचा बेंदूर तोवर मी नुसता ऐकला होता. महिन्यानं त्यांचा बेंदूर रविवारी आला. पेट्या बंदच होत्या. सर डबा घेऊन आले, शेपट्या रंगवल्या, पोळ्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परीक्षेच्या कामाला पुण्याला गेले. पुढचे दोन दिवस मी मोकळे ठेवले असणार, अशी त्यांची खात्री होती.

मी मोकळे ठेवले नव्हते. सोमवारी रोजावरच्या गटाला अर्धी चिमूट द्यायची पाळी होती. मी पिंजरे उघडले तर सगळ्या शेपट्या लालभडक. मला हसू आलं. सरांनी बेंदराची रंगरंगोटी महिनाभर उशिरा उरकली, असं वाटलं. पोळीचं माझ्या मनात आलं नाही. की आलं आणि मी ते येऊ दिलं नाही, हे आज मला खात्रीनं सांगता येत नाही. सरांना एक फोन केला असता तर कळलं असतं. मी केला नाही. मी उंदरांना टोचलं आणि पेटीत सोडलं.

उत्तर असं सुंदर आलं की विचारू नका. उक्त्यावरच्या मंडळींपैकी अर्ध्या चिमटीला काही जणांनी सरळ 'लागली', काही जणांनी सरळ 'नाही' सांगितलं होतं. मधलं कुणी बोललंच नव्हतं. या रोजावरच्यांनी मात्र जवळजवळ निम्मं डाव्या कळेवर दाबलं, निम्मं उजव्या. आलेख काढला तर घाटाच्या उतारासारखी रेघ, आणि तो बिंदू बरोबर मध्यावर. सरांनी पुण्याहून आल्यावर तो बघितला आणि माझ्या वहीवर फुटाणे ठेवले. चार नाही, चांगले मूठभर.

पुढे सहा महिन्यांत प्रबंध टाइप होऊन आला आणि त्याच सुमारास आमच्या कॉलेजात कायम जागा निघाली. अट एकच, मुलाखतीआधी पदवी. विद्यापीठात ओळख काढून तोंडी परीक्षा लवकर लावून घ्यायची तजवीजही मी केली होती. फक्त सरांची सही राहिली होती. सर प्रबंध शेवटापासून वाचत. आधी परिशिष्ट, त्यातल्या तारखा, मग बाकीचं. दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. तंबाखूची पिशवी टेबलावर होती, पण मळलेली नव्हती.

"ह्या सोमवारी शेपट्या कसल्या रंगाच्या हुत्या, बाई?" त्यांनी विचारलं.

"लाल," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला सगळं कळलं.

"मी आदल्या दिशी पोळी घातली हुती. पोटभर. काकूनं वाईच जास्तच केल्या हुत्या." मग त्यांनी तो आलेख माझ्यापुढे सरकवला. "आता ही निम्मी-निम्मी कशानं आली? थोडी लागली म्हनून आली, का पोट भरलं हुतं म्हनून कशीबी दाबली, ते आपल्याला कसं कळायचं?"

मी म्हटलं, "परत करायचं तर नवे उंदीर आणावे लागतील. शिकवणं, मग चाचण्या, पाच महिने जातील. मुलाखत दीड महिन्यावर आहे, सर."

"मग एक पान घालू. माझ्या सहीनं. बेंदराला मार्गदर्शकानं पोळी घातली, म्हनून ह्यो बिंदू धरू नका."

"तो बिंदू काढला तर आलेख जातो. आलेख गेला तर प्रबंधात राहिलं काय?"

"ऱ्हाईल ते ऱ्हाईल."

मी फार वाईट बोलले त्या दुपारी. तुमच्या पोळीपायी माझी जागा जाणार, म्हणाले. इतकी वर्षं दर जूनला कुणापुढे हात जोडायचे ते तुम्हाला काय ठाऊक, म्हणाले. हे तुम्हाला, मला आणि त्या उंदरांना सोडून कुणाला कळणार आहे, असंही म्हणाले. वेळापत्रक मी आखलं होतं, लाल शेपट्या मी पाहिल्या होत्या, हे त्या वेळी माझ्या तोंडून निघालं नाही. वर पंखा फिरत होता आणि प्रबंधाची पानं सरांनी हातानं दाबून धरली होती. मग मी त्यांना, सगळी सांगली जसला प्रश्न त्यांना विचारायला बिचकायची, तसला प्रश्न विचारला.

"सर, सही करणार की नाही? एवढंच सांगा."

"आसं नका इचारू, बाई."

"हो की नाही?"

मी काय करते आहे ते मला नीट कळत होतं. त्यांच्याकडेच तर शिकले होते. उक्त्यावरच्यासारखं एकच कळ धरायला लावलं की मधलं उत्तर येत नाही. त्या पानाचं, आणखी पाच महिन्यांचं, कॉलेजला एक पत्र लिहून बघू या, असलं कुठलंच उत्तर मी त्यांच्यासाठी शिल्लक ठेवलं नाही. सर "व्हय," म्हणाले. सही केली. पेनाचं टोपण लावलं आणि तंबाखूची पिशवी उचलून उंदरांच्या खोलीकडे गेले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच आलेख पडद्यावर परत मागितला. इतका बोलका उतार आपण बऱ्याच दिवसांत बघितला नाही, असं म्हणाले. मग सरांकडे वळून त्यांनी विचारलं, "काय सर, समाधानी आहात ना?" सर म्हणाले, "बाई कष्टाळू हायती." परीक्षकांना तेवढं पुरलं. मला कायम जागा मिळाली. पेढे घेऊन गेले तेव्हा काकूंनी माझी दृष्ट काढली. सरांनी पेढा घेतला आणि त्यांच्या पद्धतीनं विचारलं, "मग, काय बदललं?" मी म्हटलं, "सगळंच, सर." त्यांनी मान हलवली. त्यानंतर मी त्यांच्याकडे जायचं टाळायला लागले. कामाचं निमित्त सांगायचे, पण खरं कारण लाज. त्यांनी मला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं असतं तर मी गेले असते.

दीडेक वर्षानं शंभर फुटी रस्त्यावर पेट्या बनवणारे मिस्त्री भेटले. दुकानाच्या दारातूनच त्यांनी हाक मारली. "ताई, तुमच्या सरांनी एक पेटी दुरुस्त करून न्हेली. आता स्वताच बसत्यात तितं. सकाळी पेटी, सांजंला पेटी. नवा इद्यार्थी घेत न्हाईत म्हनत्यात. रिटायर व्हायला आलेल्या मानसाला काय याड लागलंय?" मी म्हटलं, सरांचं तसंच असतं. कशासाठी बसतात ते मी विचारलं नाही.

सरांच्या निरोपसमारंभाला मात्र जावंच लागलं. हॉलमध्ये खुर्च्या लागत होत्या, काकू नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. सरांनी मला लांबूनच खूण केली आणि उंदरांच्या खोलीत नेलं. पिंजरे रिकामे, धुऊन उपडे घातलेले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चौघडी घातलेला आलेखाचा कागद काढला आणि पिंजऱ्यांच्या फळीवर पसरला. त्यावर दोन रेघा होत्या. एक पेन्सिलीची, ती मी ओळखली. माझ्या प्रबंधातली होती. दुसरी शाईची.

"ही मंडळी रोजावर शिकवली. सात म्हैने लागले, माझा हात आता मंद झालाय. पोळी घातली न्हाई. बेंदराला बी न्हाई." त्यांनी बोट मधल्या बिंदूवर ठेवलं. शाईचा बिंदू पेन्सिलीच्या किंचित खाली होता. बाकी दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक. "एवढंच खाली आलं. उतार त्योच हाय. तुमचं बरोबर निघालं, बाई."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्यांच्या पाया पडले, आणि उठता उठता, कुणाला विचारते आहे याचं भान न राहून, म्हणाले, "म्हणजे ते खरंच होतं ना, सर? आपण खोटं काही लिहिलं नव्हतं ना?"

बाहेर माईकवर कुणीतरी त्यांचं नाव घेत होतं. सरांनी कागदाची परत चौघडी घातली, माझ्या हातात दिली, आणि म्हणाले,

"तवा आपल्याला ठावं नव्हतं."

ते शाल-श्रीफळ घ्यायला गेले. मी कागद पुन्हा उघडला. कोपऱ्यात त्यांनी तारीख घातली होती, मागच्याच आठवड्याची. माझ्या नावामागे डॉक्टर लागून तोवर दोन वर्षं होऊन गेली होती.